डबा घेऊन आलेले वडील

मिल बंद पडल्या तेव्हाचं सांगते. मी मल्हारगंजच्या शाळेत काउन्सेलर होते. म्हणजे मुलांची मनं बघायची आणि कुणी टीचर नसला की त्याचा तास घ्यायचा.

एक मुलगी डबा खाईना. तिच्या हाती वडिलांसाठी चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी भर अकराला ते डब्यासकट हजर!

"ड्यूटी नाही?"

"मिल बंद झाली, मॅडमजी. घरी बोललो नाही, रोज डबा घेऊन निघतो न् बगिच्यात बसतो. पोरीनं चिठ्ठी थेट तिथेच आणून दिली."

मी प्रिन्सिपलना म्हटलं, "बोलायची गरज वडिलांना आहे."

"वडील तुमच्या कामात येत नाहीत, मॅडम!"

दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या खोलीच्या दाराशी बगिच्यात बसणारे सात वडील, सात डबे.

प्रिन्सिपल खूश. "वा! पालकसभेला एवढे वडील कधीच आले नव्हते. फोटो काढा!"