चालत्या मागाला गिऱ्हाईक न्हाय

—न्हाय, घण आत्ताच नका उचलू. चहा सांगितलाय, येऊ दे की. भंगार कुटं पळून जातंय, शेठ? तर मी काय म्हणत होतो—आमचा बसवेश. पुण्याला अर्थशास्त्र शिकला आन् आता बापालाच शिकवतोय. म्हणतो, अप्पा, बाजार मोकळा पायजे. ज्याला स्वस्तात जमतंय त्यानं विणावं, बाकीच्यांनी दुसरं काम बगावं, त्यात सगळ्यांचं भलं. सगळ्यांचं म्हंजे कुणाचं रे? गिऱ्हाइकाचं, म्हणतो. आन् मी कोण? तुमी बी कशाचं तरी गिऱ्हाईकच की, म्हणतो—घ्या!

आता तुमीच बगा. हे चारी माग चालते हायत. इकायला काढले, आख्खी एमआयडीसी पालथी घातली—फुकट दिला तरी नको म्हणले. मोडायचे म्हणल्यावर मात्र वजनावर उचलायला तुमी दारात! ह्याला मोकळा बाजार म्हणायचं? व्हय, म्हणायचं. तुमच्यावर जबरदस्ती न्हाय, माझ्यावर बी न्हाय. बसवेशला म्हणलं, आपली चादर घेतली की ईस वर्सं फाटत न्हाय. तर म्हणतो, तितंच चुकलं अप्पा, गिऱ्हाईक परत येणार कसं? एन माडूदु—काय करायचं सांगा! चांगलं विणलं ही चूक?

बाहेरनं ती पॉलिस्टरची येती की, वर 'सोलापुरी' छापलेली—लोकं फसतेत म्हणून लई भांडलो त्याच्याशी. आन् परवा आमच्या लेकीचं, भुवनेश्वरीचं लगीन झालं. पाव्हण्यांना आहेरात चादर द्यायची आमच्यात रीत हाय. मी हौसेनं हितं विणायला लावल्या, आन् आमच्या काशम्मानं—मागवाल्याच्या बायकोनं—मोबाइलवरनं त्याच मागवल्या! फसून न्हाय बरं का, समजून उमजून. रंग उठून दिसतो, धुवायला हलकी, म्हणाली. पाव्हण्यांनी बी खुशीनं नेल्या. माझ्या हायत तशाच पडल्यात. त्या पॉलिस्टरच्यातली एक उरली, ती... ती मीच पांघरतो. मऊ हाय की! मग आता भांडू कुणाशी? इतकी वर्सं बाजाराला शिव्या घातल्या, आन् तो माझ्याच घरात मला जेवायला वाढतोय.

काय? व्हय, कडंच्या मागावर अर्धी चादर हाय. तेवढी पुरी करावी म्हणत होतो—कुणासाठी पण? कापा. कापा म्हणलं की! मी भाईर थांबतो. झालं की दार ओढून घ्या, आन् मला काय सांगायला येऊ नका.