माईक कुणाच्या हातात द्यायचा

न्हाय, पण मी काय म्हणतो, माणसाच्या हातात माईक कोंबायच्या आधी त्याला एकदा इचारायला काय जातं का हो? एकदा! "बाबा रं, जमंल का तुला?" एवढंच! पण न्हाय. आमच्या आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, गेणबा त्यांचं नाव, अख्ख्या मंगल कार्यालयाम्होरं माझ्या पाठीत थाप मारली अन् म्हणले, "आमचा युवराज करंल की! कम्प्युटरचा माणूस हाय, त्याला काय अवघड!"

हे वाक्य, तुमाला सांगतो, हे वाक्य माझ्या कपाळावर गोंदायचं तेवढं राहिलंय. विहिरीवरची मोटर चालू हुईना, बोलवा युवराजला, कम्प्युटरचा माणूस हाय, त्याला काय अवघड! आईच्या मिक्सरातनं धूर निघाला, बोलवा युवराजला! अहो, मी सॉफ्टवेअर लिवतो! पुण्याच्या कंपनीचं काम हितं वरकुट्यात घरी बसून करतो, माझा अन् मिक्सरचा काय संबंध? पण सांगणार कुणाला? आईला, दगडाबाईला, एकदा सांगाय गेलो तर म्हणली, "मग एवढा पगार कशाचा देत्यात?" खोलला मग मिक्सर.

तर लगीन कुणाचं, तर माझ्या चुलतभावाचं, सूरजचं. नवरी प्रगती, लोणी भापकरची. आता आपल्याकडं लग्नात माईकवर नावं घेत्यात, ते तुमाला मी काय सांगू! अमक्या गावचे तमके, सोसायटीचे माजी चेअरमन, शुभाशीर्वाद देण्यास उपस्थित आहेत, त्यांचं सहर्ष स्वागत! ज्याचं नाव घेतलं त्यो मिशी पिळतोय, ज्याचं राहिलं त्यो न जेवता गाडीला किक मारतोय. अन् ही नावं येत्यात कशावर? चिठ्ठ्यांवर! कुणी लग्नपत्रिकेच्या पाठीमागं खरडलेलं, कुणी सिगारेटच्या पाकिटावर, अन् एकानं तर केळीच्या वेफर्सची पुडी फाडून आतल्या बाजूला लिवलेलं, तेलात बुडालेलं नाव! हे काम आमच्याकडं कायम अजित सर करत्यात. शाळेत शिकवत्यात, आवाज असा की माईक नसला तरी चालंल. पण हळदीच्या दिवशी सर डीजेम्होरं असे काय नाचले, असे काय वरडले, की लग्नादिवशी तोंड उघडलं तर नुसती हवा! सायकलच्या ट्यूबमधनं निघती तशी. मग आबांची थाप, अन् माईक माझ्या हातात.

आता तुमी म्हणाल, मग वाचायची नावं, त्यात एवढं काय? थांबा, सांगतो. मला डिस्लेक्सिया हाय. म्हंजे डोकं ठीक हाय, डोळं ठीक हायेत, पण छापील वळ बघितली की अक्षरं जागच्या जागी थांबत न्हायीत. बाजारच्या दिवशी एसटीत चढाया माणसं करत्यात तशी करत्यात, मागचं म्होरं, म्होरचं खाली. वाचतो मी, वाचत न्हाय असं न्हाय, पण सावकाश, एकट्यानं, कुणी टकामका बघत नसताना. कंपनीत मी काय करतो, तर कम्प्युटरलाच वाचाय लावतो. त्यातली बाई समदं घडाघडा वाचती, मेल वाचती, कोड वाचती, अन् मी कानानं ऐकून तोंडानं तसंच्या तसं म्हणतो. कानातनं आलं, तोंडातनं गेलं, की मग डोक्यात बसतं. साधी गोष्ट हाय. चांगलं चाललंय माझं, सायेब लोक खूश हायेत.

फक्त ह्याची एक सवय लागली. कुणी काय बी कानाशी बोललं की मी तेच तोंडानं म्हणतो. आपोआप! लगीन झालं तवा स्वरूपाला, माझ्या बायकोला, वाटायचं मी वेडावतोय. ती म्हणायची, "येताना कोथिंबीर आणा." मी म्हणायचो, "येताना कोथिंबीर आणा." ती म्हणायची, "मी तुमच्याशी बोलणार न्हाय आता!" मी म्हणायचो, "मी तुमच्याशी बोलणार न्हाय आता!" आठ दिवस माहेरी गेलती! सासऱ्यांनी फोन केला, "जावईबापू, काय झालं?" मी म्हणलं, "जावईबापू, काय झालं?" ...जाऊ द्या ते. मिटलं नंतर.

तर माझं म्हंजे असं. पण खरा घोर माझा न्हवता, माझ्या पोरीचा होता. छकुली, तिसरीला हाय. आमच्या घरात दिवसभर चालणारा रेडिओ म्हंजे छकुली. सकाळी डोळा उघडल्यापासनं बडबड, गाईशी, कोंबडीशी, आबांशी. अन् दोन महिन्यामागं वर्गात उभं राहून धडा वाचायची पाळी आली, अन् हिची अक्षरं बी एसटीत चढाय लागली. पोरं हसली. पोरंच ती, हसणारच. बाईंनी गप केलं त्यांना, बाई चांगल्या हायेत, त्यांनीच सांगितलं बारामतीला नेऊन तपासून घ्या. तपासलं. बापाचंच निघालं. ते बी एक येळ चालंल हो, पण पोरगी बोलायचीच बंद झाली! हाय-न्हाय, व्हय-नगं, बास. घर असं शांत झालं की आबा टीव्ही बघताना सारखं मागं वळून बघायचे. मी तिला म्हणलं, "छकुले, अगं मला बी हाय की! काय बिघडलं माझं?" तर खाली बघून म्हणली, "तुमी मोठे हाय पप्पा. तुमाला कोण हसतंय?"



आता आलं का ध्यानात, माझ्या हाताला घाम का सुटला? म्होरं हजार माणूस, हातात तेलकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा, अन् स्टेजच्या कडंला, फुलाच्या कमानीमागं लपून बसलेली माझी पोरगी माझ्याकडंच बघतीय! मी अडखळलो, लोकं हसली, की तिला कायमचं कळणार की मोठं झालं तरी लोकं हसत्यातच. मग ती काय तोंड उघडतीय! म्हणलं, गेलं बाबा समदं. आबांकडं बघितलं, हातानंच खुणावलं, नगं. आबा म्होरच्या खुर्चीत बसून पाव्हण्याला सांगत होते, "बघाच तुमी. कम्प्युटरचा माणूस हाय, त्याला काय अवघड!"

पहिली चिठ्ठी उघडली. अक्षरं निघाली एसटी पकडायला. मी आपला "उपस्थित आहेत... उपस्थित आहेत..." करतोय. मागच्या रांगेतनं कोण तरी म्हणलं, "अहो, कोण उपस्थित हायेत ते तर सांगा!" खसखस पिकली. मी चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली, तुमाला सांगतो, काय उपेग न्हाय. अन् तेवढ्यात कुणीतरी माझा कोट वढला. बघतो तर छकुली! मी वाकलो. ती माझ्या कानाशी म्हणली, "पप्पा, म्होरं फेटेवाले रावजीआजोबा हायेत. बावड्याचे. तुमाला वळखत्यात की."

अन् मी काय केलं? सवय! कानातनं आलं, तोंडातनं गेलं! "म्होरं फेटेवाले रावजीआजोबा हायेत, बावड्याचे! तुमाला वळखत्यात की!" टाळ्या! रावजीतात्या उठून उभं राहिले, हात जोडले. मी चिठ्ठ्या टाकल्या खिशात. कशाला पायजेत चिठ्ठ्या? अख्ख्या पंचक्रोशीतलं माणूस न् माणूस ह्या पोरीला माहीत! दोन महिने बोलली न्हाय, पण बघत तर होतीच की! ती कानाशी सांगतीय, मी माईकवर बोलतोय, झकास चाललंय!

फक्त एक झालं. मी अडलो तवा तिनं जीव टाकून मदत केली, पण काय सांगायचं अन् काय न्हाय हे तिला कोण सांगणार? अन् मी काय गाळणी लावलीय व्हय कानाला? ती म्हणली, "त्या छबूमावशी, त्यांनी नवीन साडी नेसलीय पण किमतीची चिठ्ठी काढायची राहिलीय." गेलं माईकवर! छबूबाई तितल्या तितं गोल फिराय लागली. पोरगी म्हणली, "सूरजकाका सकाळी घाबरून दोनदा वकले." गेलं माईकवर! नवरदेव मुंडावळ्यात तोंड लपवाय लागला, अन् पलीकडनं नवरी, प्रगती, अशी खळाळून हसली की भटजींच्या हातातला अंतरपाट हलाय लागला. भटजी वरडतायत, "मुहूर्त! मुहूर्त!" ते बी गेलं माईकवर.

मग पोरगी म्हणली, "अन् सिंधूआजी आत चपात्या लाटतीय. तिच्या चपातीला पदर सुटत्यात." मी म्हणलं ते बी. अन् कार्यालयाच्या मागच्या दारात सिंधुबाई येऊन उभी राहिली, हाताला पीठ, पदर डोळ्याला. अहो, हजार लग्नांत चपात्या लाटल्या त्या बाईनं, तिच्या नावाची चिठ्ठी कोण पाठवणार? मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. टाळ्या बी तिलाच जास्त पडल्या.

अन् मग आला घात. म्होरच्या रांगेत, सोफ्यावर, आमच्या भावकीतले हिंदुराव. माजी चेअरमन. कडक माणूस! गेल्या लग्नात नाव तिसऱ्या नंबरला घेतलं म्हणून बासुंदीची वाटी भरलेली सोडून उठून गेलता. अन् आता अर्धी नावं झाली तरी त्यांचं न्हाय! त्यांनी मिशीवरनं हात फिरवला. मी वाकलो. म्हणलं, "छकुले, हिंदुरावआजोबा... नीट सांग." अन् पोरगी माझ्या कानात म्हणली...

माझी काय चूक, तुमीच सांगा! माझ्या तोंडातनं, हजार माणसांत, मोठ्या कर्ण्यावरनं निघालं, "हिंदुरावआजोबा! हे रोज आमच्या पेरूच्या बागेतनं जाताना खिशात पेरू घालत्यात अन् म्हणत्यात, आबाला सांगू नगंस!"

मागं भात ढवळणारा आचारी बी झारा हातात घिऊन दाराशी आला. आबा हळूहळू मान वळवून हिंदुरावांकडं बघतायत. कारण आबा गेलं वर्षभर वानरांच्या नावानं शंख करत होते! बागेला जाळी लावली, बुजगावणं उभं केलं, बुजगावण्याला माझा जुना शर्ट घातला! अन् वानर सोफ्यावर बसलेलं! भावकी तुटणार, लगीन मोडणार, आता हिंदुराव उठणार अन् निम्मं कार्यालय घेऊन जाणार... मी छकुलीचा हात घट्ट धरला. ती बी घाबरली. माझ्याकडं बघून हळूच म्हणली, "चुकलं का पप्पा?" अन् एवढंच, एवढंच वाक्य मी माईकवर बोललो न्हाय. आयुष्यात पहिल्यांदा. कानातनं आलं ते आतच राहिलं.

हिंदुराव उठले. काठी टेकत स्टेजवर आले. माझ्या हातातनं माईक घेतला. घसा खाकरला. अन् म्हणले, "पेरू हाय चांगला. पण औंदा गोडी कमी हाय. गेणबा पाणी फार पाजतोय बागंला."

अहो, मांडव कोसळला म्हणा ना! माणसं खुर्चीवरनं खाली! आबा वरडतायत, "आरं चोरा, वर चवीचं बी सांगतोस व्हय!" अन् हसता हसता दोघं बी एकमेकाच्या गळ्यात. मी आधी काय केलं असंल, तर पोरीकडं बघितलं. एवढं सगळं कार्यालय हसतंय, म्हणलं आता हिचं तोंड पडणार. तर बया पोट धरून हसतीय! म्होरचे दोन दात पडलेले, त्या खिंडीतनं हसतीय! अन् हिंदुराव तिला उचलून म्हणतायत, "तुला कुणी शिकवलं गं एवढं बोलायला?" तवा मला लई बरं वाटलं बगा. लई म्हंजे लई.

मुहूर्त? मुहूर्त कधीच गेला. भटजींनी दुसरा शोधून काढला, काढावाच लागला, कारण मांडवात निम्मी माणसं स्टेजखाली रांग लावून उभी, "छकुले, माझं बी घे की गं नाव!" ज्यांचं काय बी गुपित न्हाय ते बी!

तवापासनं पोरगी बोलतीय. म्हंजे काय बोलतीय! वाचताना अडती अजून, अडू दे, सावकाश हुईल, आमी दोघं रोज संध्याकाळी त्या कम्प्युटरमधल्या बाईम्होरं बसतो, ती वाचती अन् आमी दोघं म्हणतो. स्वरूपा म्हणती, एका नवऱ्याचा प्रतिध्वनी होता तेवढा पुरं न्हवता का? अन् परवा नरसिंहपूरची माणसं आली आमंत्रण घेऊन. म्हणली, लगीन हाय, माईकला तुमीच पायजे. मी आपला कॉलर ताठ केली. तर म्हणत्यात, "तुमी बी या, पण पोरीला इसरू नका. ती न्हाय आली तर तुमचं बी काय काम न्हाय." आबा आतनं म्हणले, "येईल की! कम्प्युटरचा माणूस हाय, त्याला काय अवघड!"

मग मी छकुलीला बाजूला घेतलं. म्हणलं, "तितं माझं बी नाव घेशील का गं?" म्हणली, "घेणार की." म्हणलं, "काय सांगशील?" मला वाटलं, सांगंल सॉफ्टवेअर इंजिनियर, पुण्याची कंपनी, असं कायतरी. तर बया हसली अन् म्हणली, "तितंच कळंल."

तितंच कळंल! आता रात्रंदिस आठवतोय, हिनं मला काय काय करताना बघितलं असंल... अन् काय बी सांगू दे, दोन गावाम्होरं, माईकवर, ते माझ्याच तोंडानं निघणार!

...कोट इस्त्रीला टाकलाय.