दोन डावे पंख

छबुबाई : हात लावू नको दादा, विमान मी काढते गवऱ्यांतून. वढलंस तर कागद फाटंल.

म्हाळू : काढा, काढा. माळवदावरून सोडलं अन् गिरकी खाऊन दाराम्होरच आलं. तात्याबा, ही तिसरी खेप. फैसला झाला. माझ्या गाडीची चाकं चौसाळ्याच्या सुताराकडं जाणार.

तात्याबा : दम धर बे म्हाळू. तूच म्हनला व्हतास, तुमचं विमान माझ्या गोठ्यावरून पार गेलं तर चाकं तुमच्याच हातची. किती खेपंला, ते कुठं म्हनला व्हतास?

म्हाळू : जबान दिली ती दिली. पर तूर काढायला आलीय अन् गाडी उभी हाय. गेल्या साली तुमी बसवलेलं चाक नेकनूरच्या बाजारापस्तोर डुगडुगत गेलं. बारा आऱ्यांत दोन आरे सारखे नव्हते. साठी आली, हात थरथरतो. त्यात लाजायचं काय?

तात्याबा : म्हणून तर हा साचा केला. बघ की नीट. पाटावर खुंट्या ठोकल्यात. बांबूची कांबटी भिजवायची, खुंट्यांमधून वाकवून बसवायची, वाळली की काढायची. वळण खुंट्या देत्यात, माझा हात न्हाई.

म्हाळू : मग हे हवाई जहाज पडतंय कावून?

तात्याबा : तेच उमगंना. माप तर खऱ्याचं हाय. तेल संपून खरं विमान आपल्या माळावर उतरलं व्हतं तवा मी पहाटंच गेलतो. सुतळीला गाठी मारून पंख मापला. त्याचंच बारकं माप काढलं.

छबुबाई : अन् तालुकदाराच्या शिपायानं दंडुका उगारला तसा धोतर सावरत पळाला. ते बी सांग.

तात्याबा : पळालो, पर सुतळी सोडली न्हाई. दुसऱ्या पंखापस्तोर जाऊ दिलं न्हाई मेल्यानं. मग काय, एका पंखाचा साचा केला अन् दोन्ही पंख त्यातूनच काढले. छबू, मला वाटतंय हाताचाच दोष हाय. बांधताना कुठंतरी थरथरलाच असंल.

छबुबाई : थांब जरा. दोन्ही पंख सोडव. एकावर एक ठेव. कडंनं बोट फिरव. कुठं अडतंय?

तात्याबा : न्हाई. कुठंच न्हाई. केसाएवढाबी फरक न्हाई गं.

छबुबाई : मग हाताला कावून बोल लावतोस? आता शेजारी-शेजारी ठेव. फुगीर पाठ वर, जाड कड पुढं.

तात्याबा : दोन्हींची टोकं एकाच अंगाला गेली की.

छबुबाई : मग विमानाला जोडताना काय केलंस?

तात्याबा : एक पंख पालथा घातला. त्याबिगर टोक भाईर येईना.

छबुबाई : म्हंजी एकाची पाठ वर अन् एकाचं पोट वर. गिरकी खाईल न्हाई तर काय करंल? दोन्ही पंख डावेच हायेत, दादा. मी पयली चोळी शिवली तवा हेच केलतं. दोन्ही बाह्या एकाच अंगानं कापल्या. आईनं तशीच घालायला लावली, दिवसभर खांदा आखडून फिरले. तवापासून दुसरी बाही कापड उलटून कापते.

म्हाळू : दोन डाव्या वहाणा घालून चालल्यासारखं झालं हे.

तात्याबा : मग उजव्याचा येगळा साचा आला. तो ह्याच्यासारखा न्हाई झाला तर? फिरून हातावरच आलं.

छबुबाई : येगळा कशाला? कापड उलटते तसा पाट उलट.

तात्याबा : पाट उलटून काय, मागं तर कोरी फळी... थांब. थांब थांब. छबू, गिरमिट आण. एकेक खुंटी काढायची, तिथंच आरपार भोक पाडायचं अन् लांब खुंटी घालायची. दोन्हीकडनं निघंल. वरल्या अंगाला डावा पंख, खालच्या अंगाला उजवा. भोक एकच, मग फरक येईल कुठनं? म्हाळू, तीन दिस दे रं. तीनच दिस.

म्हाळू : दिले. गिरमिट मी फिरवू का? माझेच हात शिवशिवायलेत.

छबुबाई : बघा, चौसाळ्याला निघालेला गडी.

(तीन दिवसांनी, सकाळी. माळवदावर.)

तात्याबा : वारा समोरून हाय. छबू, तू सोड. माझा हात...

छबुबाई : तूच सोडायचं. कांबट्या वळवल्या तू अन् सोडू मी?

म्हाळू : सोडा तात्याबा.

छबुबाई : गेलं. दादा, डोळे उघड, सरळ चाललंय.

तात्याबा : गिरकी?

म्हाळू : कशाची गिरकी घेऊन बसलात? गोठा गेला मागं. म्हसरं माना वर करून बघायलीत. बाभळीच्याबी पल्याड गेलं, माझ्या तुरीत उतरलं. उतरलं बरं का तात्याबा, पडलं न्हाई. चाकं तुमची.

छबुबाई : आता कावून रडतोस, येड्या?

तात्याबा : रडत न्हाई गं. आऱ्यांचा साचा कसा करावा, ते बघायलोय. बाराच्या बारा एकाच साच्यातनं.

छबुबाई : त्याला बी पाट उलटायचा का?

तात्याबा : न्हाई. आऱ्याला डावं-उजवं नसतं.

म्हाळू : हात मात्र आजून थरथरतोय तुमचा.

तात्याबा : थरथरू दे, त्याला आता कोण इचारतंय? तू उद्या बाभळीचं लाकूड आणून टाक.