जोडीदाराची पालथी पानं

आदरणीय अध्यक्षा मिसेस कर्नो, व्यासपीठावरील रेव्हरंड पेथिक, आजचे सत्कारमूर्ती श्री. गारफिल्ड नॅन्स आणि पोर्थकॅरेक सोशल क्लबच्या सभासद बंधुभगिनींनो,

निरोपाचे चार शब्द बोलण्याचा मान समितीने मला दिला, त्याबद्दल आभार. समितीने आधी रेव्हरंडना विचारलं होतं हे मला माहीत आहे. त्यांना उद्याच्या प्रवचनाची तयारी करायची होती. म्हणून मी, सिरिल जेल्बर्ट. हरकत नाही. दुसरा नंबर मला नवीन नाही. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

एक सवलत मागतो. गारफिल्डला अहो-जाहो करणं मला जमणार नाही. सात वर्षांचे असताना आम्ही एकाच होडीतून समुद्रात पडलो. त्याने होडीची कड धरली आणि मी त्याचा पट्टा धरला. अशा माणसाला अहो कसं म्हणायचं?

त्याचं काम तुम्ही सगळे जाणता. या बंदरातलं असं एकही इंजिन नसेल ज्याला त्याने शिव्या दिल्या नाहीत आणि नंतर चालू करून दिलं नाही. ती इंजिनं ज्या बोटींत बसत, त्या बोटी मी रंगवायचो. आणि हिवाळ्यात दर मंगळवारी, चाळीसहून अधिक वर्षं, आम्ही दोघे पलीकडच्या पाच नंबरच्या टेबलावर समोरासमोर बसून पत्त्यांचा यूकर खेळलो. जोडीने. यूकर जोडीनेच खेळतात. जोडीदार समोर बसतो, बोलायला बंदी, खुणेला बंदी. मग जोडीदाराच्या हातात काय आहे हे कळतं कसं? कळतं. तो पान टाकताना श्वास कसा घेतो यावरून मला त्याचा हात कळायचा. त्याच्या बायकोला, बिचाऱ्या बेरिलला, देव तिला शांती देवो, तेवढं कळत नव्हतं. असं तिनेच माझ्या थेल्माला सांगितलं होतं.

मग अठ्ठ्याऐंशी साली कांदेवाला आला.

तुम्ही हसताय. व्यासपीठामागे टांगलेली ही गुलाबी कांद्यांची वेणी त्याचीच आहे. काल फेरीबोटीने आली. सजावट समितीने ती बरोबर मध्यभागी लावली, आणि क्लबने दिलेलं घड्याळ त्या कोपऱ्यात. मी काही म्हटलं नाही. पण मला इथे उभं राहून सबंध वेळ तिचाच वास येतो आहे.

गिल्डास मेव्हेल. समुद्रापलीकडच्या ब्रिटनीचा फ्रेंच शेतकरी. त्याचा बाप सायकलवर कांदे लटकवून आपल्या दारोदार फिरायचा. हा व्हॅन घेऊन आला. पहिल्याच दिवशी धक्क्यावर व्हॅन बंद पडली. गारफिल्डने उघडून पाहिली. दुरुस्तीला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी एक संपूर्ण ट्रॉलर रंगवू शकतो. इंजिनात इतकं काय होतं? मी विचारलं तर म्हणाला, "गप्पा मारत होतो रे."

"कुठल्या भाषेत?"

"कुठल्याच नाही."

तेव्हापासून दर सप्टेंबरला गिल्डास तीन आठवडे गारफिल्डच्या माडीवर. दर मे महिन्यात गारफिल्ड प्लिमथहून फेरीबोट धरून तिकडे. गारफिल्ड बंदराच्या पलीकडे जेवायला जायला कुरकुरणारा माणूस! तिथून क्लबच्या पत्त्यावर कार्ड यायचं. मजेत आहे, हवा चांगली आहे, सिरिललाही नमस्कार. एकतीस वर्षांची एकतीस कार्डं. एकदाही पत्त्याच्या जागी माझं नाव नाही. मी कडेला.

आणि हिवाळी लीग लवकर सुरू झाली की हा कांदेवाला पाच नंबरच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचा. गारफिल्डच्या मागे, माझ्या समोर. त्याची पानं बघायचा. जिभेने त्च करायचा. यूकर त्याला धड येत नव्हतं. तरी गारफिल्ड मान वळवून त्याच्याकडे बघायचा, आणि दोघे हसायचे. कशाला? मला आजपर्यंत कळलेलं नाही. माझ्या विनोदांना गारफिल्ड नाकातून हसतो. त्याच्या विनोदांना पोटातून.

(हो, मिसेस कर्नो, घड्याळ पाहिलं. थोडक्यात सांगतो.)

दोन हजार सोळा. तुम्हाला ते वर्ष विसरता येणार नाही. युरोपच्या संघात राहायचं की निघायचं? या हॉलमध्ये दोन भाऊ डार्ट्सच्या फळीसमोर हातघाईवर आले ते याच प्रश्नावर. मी निघण्याच्या बाजूने होतो. नुसता बाजूने नव्हतो. पत्रकं मी वाटली, फलक मी रंगवले, आणि फलकांचा रंग सुबक होता हे विरोधकांनीही मान्य केलं.

एका संध्याकाळचं बोलणं सांगतो. जॅगो स्मिटन ग्लास आपटून म्हणाला, "डोळ्यांदेखत त्यांच्या बोटी आपल्या पाण्यातले मासे नेतात, आणि आपण कोटा भरला म्हणून घरी बसायचं?"

गारफिल्ड म्हणाला, "जॅगो, तू ते लांब तंगड्यांचे खेकडे धरतोस, ते खातं कोण रे?"

"कोण म्हणजे? जातात तिकडे."

"तुझ्या आईने कधी एक तरी शिजवला?"

"शी! तो कोण खाणार?"

"तेच म्हणतो. तुझा बाप ते खडकावर आपटून फेकायचा. आता त्यांच्यावर तुझी नवी व्हॅन आली. खाणाऱ्याशीच भांडायला निघालास?"

सगळे हसले. मग मी उठलो. म्हणालो, "प्रश्न खेकड्यांचा नाही. आपल्या घराचे नियम आपण करायचे की शेजाऱ्यांनी?"

गारफिल्ड माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "शेजारी असला की थोडं विचारावं लागतं, सिरिल. नाहीतर मग शेजारी कशाला म्हणायचं?"

मित्रहो, मी जे म्हणालो त्यात खोटं काही नव्हतं. आजही त्यातलं बरंचसं मी परत म्हणेन. पण त्या रात्री घरी थेल्माने बूट काढता काढता विचारलं, "तुला नक्की कोण बाहेर पडायला हवंय? आपला देश, की तो कांदेवाला?"

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. बायको उगाच बोलली असती तर मी एका दिवसात बोललो असतो.

त्याच एप्रिलमध्ये लीगची अंतिम फेरी होती. एकोणीस वर्षांनी आम्ही अंतिम फेरीत. गारफिल्डने कोणाला न सांगता गिल्डासला कळवलं होतं. कांद्याचा हंगाम नव्हता, तरी तो आला. नुसता बघायला. खुर्ची ओढली, गारफिल्डच्या मागे बसला.

शेवटचा डाव. आम्हाला जिंकायला दोन गुण हवे, त्यांनाही दोन. माझ्या हातात हुकमाची तीन पानं. जोडीने खेळून पाचही हात घेतले असते तर दोन गुण मिळाले असते. तेवढेच हवे होते. मी मान वर केली. गारफिल्ड माझ्याकडे बघत नव्हता. मागे वळून गिल्डासला पानं दाखवत होता.

मी म्हणालो, "एकटा खेळतो."

ज्यांना यूकर येत नाही असे दोघेतिघे पाहुणे इथे आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. असं म्हणण्याचा खेळाडूला हक्क आहे. मग जोडीदाराने एक शब्द न बोलता आपली पानं टेबलावर पालथी ठेवायची. गारफिल्डने ठेवली. मी पहिला हात घेतला, दुसरा घेतला. पुढचे तीन त्यांनी घेतले, आणि आमचा डाव फसला म्हणून दोन गुण त्यांना. संपलं.

गारफिल्डने आपली पानं उलटली नाहीत. मीच उलटली. वर बेनी होता. आपल्या खेळातलं सगळ्यात मोठं पान, जोकर. खाली बदामाचा एक्का. तो खेळला असता तर आम्ही पाचही हात घेतले असते.

"असू दे रे," गारफिल्ड म्हणाला.

आणि गिल्डासने उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. दया म्हणून. तो हात उचलून बाजूला ठेवावा असं मला वाटलं. दोन महिन्यांनी चॅपलच्या हॉलमध्ये मतदानाला, दोरीला बांधलेली ती आखूड पेन्सिल हातात घेतली तेव्हा तो हात अजून खांद्यावर होता. मी देशासाठी फुली मारली असं सगळ्यांना सांगितलं. आज सभागृहात सांगतो, त्या फुलीत देश होता, मासे होते, आणि तळाशी एक कांदेवाला होता.

आम्ही जिंकलो. तीन आठवड्यांपूर्वी, एकतीस जानेवारीला, आपण बाहेर पडलो. बारची घंटा मी वाजवली. गारफिल्ड त्या दिवशी आला नव्हता, आणि मला वाटलं रुसला असेल.

रुसला नव्हता. सामान बांधत होता.

तिकडे राहायला जाणार हे त्याने मला आधीच सांगितलं होतं, मागच्या ऑक्टोबरमध्ये, माझ्या शेडमध्ये. सप्टेंबर संपला होता आणि व्हॅन आली नव्हती. गिल्डासची उजवी बाजू गेली आहे हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. मी एका छोट्या डिंगीला रंगाचा दुसरा हात देत होतो. गारफिल्ड डब्यावर बसला.

"सिरिल, ते नव्वद दिवसांचं खरं का रे?"

"कसले नव्वद?"

"बाहेर पडल्यावर तिकडे सहा महिन्यांत नव्वद दिवसच राहता येणार म्हणे."

"साधारण तसंच."

"म्हणजे मोजून राहायचं?"

"मोजून."

त्याने शेजारच्या डब्याचं झाकण फिरवलं. म्हणाला, "आजवर इकडचा की तिकडचा हे ठरवायची वेळच आली नव्हती रे. जायचो, यायचो. आता ठरवायला लागणार. पुढच्या वर्षअखेरपर्यंत जे तिकडे जाऊन राहतील त्यांना राहू देणार आहेत म्हणे."

"मग?"

"त्याला एका हाताने कांदे विणता येत नाहीत."

एवढंच. मी ब्रश चालवत राहिलो. एक प्रश्न तोंडाशी आला होता, तो गिळला. चार महिने गिळतो आहे. तो आज माईकवर विचारतो, माफ करा.

गारफिल्ड, मी कोणाबरोबर खेळू?

बघा. याच सवालासाठी मी देश बाहेर काढला. मला वाटलं, दार लागलं की तो येणार नाही, आणि तू मंगळवारी समोर बसशील, मान न वळवता. दार मी लावलं, आणि दाराच्या त्या बाजूला तू उभा राहिलास. कोणावर रागवू?

आता कोणी म्हणेल, सिरिल, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाने मन मोठं करावं. केलं असतं. जमत नाही. मी आजही जळतो. तुझ्या मागच्या त्या वेणीकडे पाहून जळतो. ज्या माणसाची अर्धी बाजू गेली आहे त्याच्यावर जळतो. यापेक्षा खाली माणूस जाऊ शकतो का, रेव्हरंड, हे उद्याच्या प्रवचनात सांगा.

(गारफिल्ड काय म्हणतो? "पेस्ट्या गार होतायत." बरोबर आहे, जेवण खोळंबलंय. आयुष्यभर त्याने मला असंच वेळेवर थांबवलं. अंतिम फेरीत तेवढं थांबवायला हवं होतं, पण तिथे बोलायला बंदी होती.)

तेव्हा आवरतो. स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार, मिसेस कर्नोंच्या संयमाचे आभार. आजच्या या भाषणात कौतुक कमी आणि तक्रार जास्त झाली. ज्यांच्या कानांना ती बोचली असेल त्यांनी ती म्हाताऱ्या रंगाऱ्याचा ओघळ समजून पुसून टाकावी.

आणि गारफिल्ड, क्लबचं घड्याळ तुला मिसेस कर्नो देतील. माझ्याकडून ही पाच पानं. पाच नंबरच्या टेबलावरच्या जुन्या जोडातली. बघू नकोस, पालथीच ठेवतो. आपल्या खेळाचा नियम मी तेव्हा अर्धाच सांगितला. एकटा खेळायला निघालेल्याच्या जोडीदाराने पानं पालथी ठेवायची हे खरं. पण त्याने टेबल सोडायचं नसतं. डाव संपेपर्यंत समोर बसायचं. आणि एकट्याने जिंकलं तरी गुण जोडीचेच लिहितात.

यावेळी "एकटा खेळतो" तू म्हणालास. मी बसलोय.