तितर, कोंबडी आणि पाव्हण्यांचं देवक

डॉक्टर व्हायला निघालेली पोरगी सोयरिकीच्या पंगतीत बसवू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

देगलूरचे पाव्हणे माझ्या पोराची सोयरीक पक्की करायला मुदखेडला आमच्या घरी आले होते. मी गावरान कोंबडा कापला होता. मुलीचे वडील पहिल्याच घासाला खूष. म्हणाले, "वा! चव अगदी तितरावानी हाय!"

लातूरला क्लास लावलेली आमची सोनी लगेच बोलली, "असणारच, काका. तितर, लावा, कोंबडी, मोर, शास्त्रानं सगळे एकाच घराण्यात टाकलेत."

पाव्हण्यांचा हात ताटातच थांबला. "मोर बी?"

"हाव. जवळचेच नातलग."

झालं! मोरपीस हे त्यांचं देवक. लग्नात त्याची पूजा करणारी माणसं मोराला धक्का लावत नाहीत, अन् इथं तर त्याच्या नातलगाचा रस्सा केलेला. पाव्हणे भरल्या हातानं आढ्याकडं बघत बसले.

मी सोनीवर डोळे वटारले. "अगं, काहीतरी दुरुस्त कर की!"

"बाबा, वर्गीकरण मी केलेलं नाही."

माझं डोकंच फिरलं. लोकांच्या सोयरिकी हुंड्यावरून मोडतात, आमची शास्त्रावरून चालली होती!

शेवटी पाव्हण्यांनी विचारलं, "म्हंजी कोंबडी मोराची भाऊबंद झाली म्हणा की?"

"हाव," सोनी म्हणाली.

"मग काय हरकत न्हाई. आमचं तरी कोणत्या भाऊबंदाशी पटून राहिलंय? वाढा, तंगडी वाढा!"