भाऊसाहेबांचा हात

मालतीवहिनी, समस्त मोहिते कुटुंबीय, मंडळाचे सभासद आणि सज्जनहो,

मला 'दोन शब्द' बोलण्याची आज्ञा झाली आहे. आजवर माझ्याकडून कुणी दोनच शब्दांची अपेक्षा केल्याचं मला स्मरत नाही. वकिली हा माझा व्यवसाय आणि पाल्हाळ हे माझं व्यसन. आज मात्र इथे उभा राहिलो आणि ते दोन शब्दसुद्धा उचलवेनात. आपण सर्वांनी सांभाळून घ्यावं.

आनंदराव मोहिते, म्हणजे आपल्या सर्वांचे भाऊसाहेब, पेशाने नकाशे काढणारे. त्यांचे पूर्वज दक्षिणेतून तलवारी घेऊन ग्वाल्हेरीस आले. भाऊसाहेब म्हणत, "पिढी उतरत गेली तसं आमचं शस्त्र आखूड होत गेलं. पणजोबांची तलवार, आजोबांची कट्यार, वडिलांचा चाकू आणि माझी पेन्सिल." ती पेन्सिलही ते वडिलांच्या चाकूनेच तासत. काळ्या शिंगाची मूठ, पितळी टोपी, घडीचं पातं. सबंध नोकरीत तो चाकू त्यांच्या डाव्या खिशात होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर रविवारी प्रातःकाळी आपल्या लष्कर भागातल्या फूलबागेत एका बाकाभोवती सात माणसं जमतात, खिशातून घडीचे चाकू काढतात, एकमेकांच्या पात्यांचं निरीक्षण करतात आणि पेरू खातात. या कृत्यास 'अखिल लष्कर छुरिकोपासक मंडळ' हे नामाभिधान मीच बहाल केलं. अखिल म्हणजे सात. वहिनी आम्हाला नुसतं 'चाकूवाले' म्हणतात. बागेचा चौकीदार त्याहून वाईट काही म्हणत असे. मी मोजपट्टी लावून प्रत्येक पातं कायद्यात बसतं हे त्याला सप्रमाण सिद्ध करून दाखवलं, तेव्हापासून तोही पेरू खाऊ लागला.

मंडळाचे नियम भाऊसाहेबांचे. चाकू कपाटात ठेवायचा नाही, खिशात बाळगायचा आणि वापरायचा. चाकूने कापायचं, त्याने काही उचकटायचं नाही. चाकूला पेचकस समजणारा मनुष्य त्यांच्या लेखी पतित होता. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अदलाबदल. एक आठवडा दुसऱ्याचा चाकू आपल्या खिशात. ते म्हणत, "दुसऱ्याची वस्तू आठ दिवस नीट सांभाळता आली, की माणूस पक्का समजायचा."

आम्हा सहाही जणांच्या चाकूंना धार लावत ते भाऊसाहेबच. चाकू घरी नेत, दगडावर तीन-तीन दिवस फिरवत आणि रविवारी वर्तमानपत्राचा कागद उभा धरून त्यातून पातं असं खाली उतरवत की आवाज होत नसे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे समाधान असे, ते मी दुसऱ्या कुठल्या निवृत्त माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

इथवर मी जे बोललो ते आपणांपैकी कुणीही बोलू शकला असता. यापुढचं फक्त मला ठाऊक आहे.

सव्वादोन वर्षांपूर्वीच्या एका अदलाबदलीत भाऊसाहेबांचा चाकू माझ्याकडे आला. त्याच आठवड्यात मी दाल बाजारातून तुपाचा डबा आणला. झाकण निघेना. सज्जनहो, चमचा माझ्यापासून दोन हातांवर होता. मी चमचा घेतला नाही. खिशातून चाकू काढला, झाकणाखाली खुपसला आणि जोर दिला. टोक तुटलं. तिळाएवढं.

त्याच वेळी भाऊसाहेबांच्या घरी जाऊन सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांनी मला पतित घोषित केलं असतं, मी एखादं संस्कृतप्रचुर क्षमापत्र लिहिलं असतं, विषय पेरूबरोबर संपला असता. पण मी पडलो वकील. पुरावा नष्ट करण्याचा मोह आमच्या अशिलांनाच होतो असं नाही. इंदरगंजात किल्ल्या करून देणाऱ्याकडे मी तो चाकू नेला आणि ग्राइंडरवर नवं टोक काढून घेतलं. ठिणग्या उडाल्या, पातं निळं पडलं. त्याने विचारलं, "साहब, चमका दूँ?" मी म्हणालो, "चमका दो."

पोलादाला लोहार पाणी देतो, त्या पाण्यावर पातं धार धरतं. ग्राइंडरवर पातं बेसुमार तापलं की ते पाणी उतरतं. वरून चकचकीत दिसतं, आत काही उरत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. पण हे मला भाऊसाहेबांनीच शिकवलं होतं.

रविवारी त्यांनी चाकू हातात घेतला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. बराच वेळ पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, हा जरा घिसलेला दिसतोय." मी उत्तरलो, "भाऊसाहेब, कालपुरुष ज्यास स्पर्श करतो ते ते क्षीण होतं." सगळे हसले. तेही हसले. म्हणाले, "डोळाच नवीन आहे, त्याला सवय व्हायची आहे."

मग धार टिकेना. ते आठवडाभर घासत, रविवारपर्यंत पातं बोथट. पुन्हा दगडावर घेत. असे तीन महिने गेले. आमच्या मंडळातल्या प्राजक्ताताई इंजिनियर आहेत, इथे समोरच बसल्या आहेत. त्या एकदा पातं नखावर फिरवून म्हणाल्या, "काका, धार तुमची ठीक आहे. ये ब्लेड कहीं गरम हुई है. ग्राइंडर पे चढ़ी है ये." भाऊसाहेबांनी मान हलवली. "अगं, धार बिघडल्यापासून हा मी अदलाबदलीत दिलेलाच नाही, त्याआधी होता तो वकीलसाहेबांकडे. आणि ते तर शब्दांशिवाय काही घासतच नाहीत."

तेव्हाही सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी आमचे चाकू न्यायला नकार दिला. हात पुढे धरून त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हात गेला माझा. तुमच्या चांगल्या वस्तू का खराब करू?"

सज्जनहो, ती वेळ होती. मी काय केलं? मी समारंभ केला. शाल आणली, श्रीफळ आणलं, 'धारानिवृत्ती सन्मानपत्र' रचलं, आणि फूलबागेत उभं राहून ते खणखणीत आवाजात वाचलं. 'कालवशात् हस्तकौशल्य लोपले असले तरी' असं एक वाक्य त्यात होतं. माझ्याच लेखणीचं. ते सन्मानपत्र भाऊसाहेबांनी दोन्ही हातांनी घेतलं. त्यानंतर दगडाला त्यांनी हात लावला नाही. रविवारी येत, पेरू खात, आता बाहेरून धार लावून आलेल्या आमच्या चाकूंना 'छान आहे' म्हणत. दोन वर्षं. आणि मी त्यांच्या शेजारी बसून विनोद करत होतो.

परवा मी वहिनींना भेटायला गेलो. वहिनींनी तो चाकू माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "हा तुम्ही ठेवा. घरी आल्यावरही तुमचं बोलणं सांगून हसायचे ते." मी इकडेतिकडे पाहू लागलो, तर समोरच्या भिंतीवर ते सन्मानपत्र. काचेत, चौकट करून.

म्हणून आज सर्वांदेखत सांगतो. वहिनी, भाऊसाहेबांचा हात गेला नव्हता. एक दिवसही गेला नव्हता. पातं मी मारलं होतं. ते उगाच स्वतःला दोष देत राहिले, आणि मी त्यांना तो देऊ दिला. मी क्षमा मागत नाही. जे ती देऊ शकले असते त्यांच्याकडे मागायला माझ्याजवळ दोन वर्षं होती.

वहिनी, तो चाकू मला देऊ नका. मला द्यायचंच असेल तर भिंतीवरचं ते सन्मानपत्र काढून माझ्या हाती द्या. त्यातलं ते वाक्य असत्य आहे आणि ज्याने लिहिलं त्याच्याच घरी ते राहू दे.

भाऊसाहेब, आपणांस माझा नमस्कार.

आता सर्वांनी कृपया उभं राहावं आणि त्यांच्यासाठी दोन मिनिटं मौन पाळावं. मला ते अवघड जाणार नाही. गप्प राहण्याचा मला दोन वर्षांचा सराव आहे.