कोळशाने गिळलेली राकिया

...चूक माझीच म्हणा, आमचं सगळं वाल्येवो गाव म्हणतंच आहे, पण तुम्हाला सांगतो, कोळशाची बाजू कुणी ऐकूनच घेत नाही! अहो, एक ग्रॅम सक्रिय कोळसा घ्या, त्याच्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरा, चार टेनिस कोर्टं झाकली जातील! वीस वर्षं प्रयोगशाळेत हेच मोजतोय, अजून अंगावर काटा येतो... भोकं, मंडळी, सगळा खेळ भोकांचा!

तर आमची लेक दुन्या जन्मली त्या साली माझ्या सासऱ्यांनी आलुबुखाराच्या राकियाचं, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूचं, पिंप भरून ठेवलं, नातीच्या लग्नात उघडायचं म्हणून. चोवीस वर्षांनी, लग्नाला आठवडा असताना उघडलं, तर काय? दारूला कुबट वास! म्हातारा पिंप ओतून द्यायला निघाला. मला बघवेना हो. म्हटलं, "बाबा, द्या इकडे," आणि थेंब न् थेंब कोळशातून गाळला. कुबटपणा गेला... सोनेरी रंग गेला... आणि आलुबुखारही गेलं! बाबांनी घोट घेतला, म्हणाले, "ल्युबिशा, यापेक्षा आपल्या विहिरीला चव आहे."

मी डगमगतोय होय? द्रावकाने धुतला की कोळसा गिळलेलं ओकतो, माझं रोजचंच काम! शुद्ध अल्कोहोलने तीनदा धुतला. काय निघालं? कुबट वास! तो मोठ्या भोकांत, दाराशीच बसलेला, लगेच उठून आला. आलुबुखार मात्र पार आतल्या बारीक भोकांत, कडी लावून! बायको म्हणते, "आणखी धुवा ना." अगं, बारीक भोकं एकदा तुंबली की कितीही धू, पहिल्यासारखी होतात का? भोकं, मंडळी, भोकं!

लग्नात बाबांनी चारचौघांत विचारलं, "माझी चोवीस वर्षं कुठायत?" मी कोळशाची बरणी पुढे केली. त्यांनी हुंगली.

"वास नाही."

"येणार नाही, बाबा. आत आहे."

"नक्की?"

"नक्की."

म्हाताऱ्याने बरणी बाहीने पुसली, दुन्याच्या हातात दिली, "ने पोरी, तुझ्या वाटचं आहे." रडलो हो मी, खोटं कशाला सांगू.

काल लेकीच्या सासरी गेलो. बरणी कुठे? फ्रिजमध्ये, झाकण काढून! विहीणबाई म्हणतात, "गुणाचा हो तुमचा कोळसा, आठवडाभर मासा ठेवला, पण वास म्हणून नाही!" म्हणजे आता बाबांची चोवीस वर्षं आणि यांचा मासा, एकाच भोकात... जेवायला बसलो. मासा चांगला झाला होता.